चित्रातली सातवी

पटो न पटो, हे यवतमध्ये घडलंय. आणि रात्रीबिरात्री नाही, एप्रिलच्या भर दुपारी. सविता अजूनही दुपारची झोपत नाही, ती त्यामुळेच.

हायवेला तिच्या नवऱ्याचं, स्वराजचं, जुन्या फर्निचरचं दुकान आहे. मागेच घर. सविताला तेव्हा सातवा महिना होता. पहिल्या खेपेला पाचव्यातच पोट रिकामं झालेलं. त्यामुळे सासू, सोजराबाई, तिला डोळ्यांत तेल घालून जपत होत्या.

त्यातच स्वराजनं दौंडच्या एका जुन्या बंगल्यातून विलायती चित्र आणलं. काळे डोंगर, मधून कोसळणारा धबधबा, खाली पाण्यात नखाएवढ्या बायका. पुण्याचं एक गिऱ्हाईक फोटो बघूनच म्हणालं, "अठराव्या शतकातलं आहे. कुणाला देऊ नका."

स्वराज हरखला. दुकानात धक्का लागेल म्हणून त्यानं चित्र आतल्या खोलीत ठेवलं. सविताच्या पलंगासमोर.

सोजराबाईंनी बायका मोजल्या.

"सातच हायत की... ह्या तर साती आसरा!"

"आये, इंग्रजाच्या डोंगरात आसरा कवा गेल्या?" स्वराज हसला.

"हसू नगंस."

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. त्यांना पाण्याकाठीच पुजतात, नैवेद्य तिथंच ठेवतात आणि मागं न बघता घरी येतात; बघितलं तर त्या पाठोपाठ येतात. घरात त्यांना कुणी बोलवत नाही.

पण पोटुशी सून सोडून सोजराबाईंचा पाय निघेना. त्यांनी चित्राच्या चौकटीलाच हळदीकुंकू लावलं. समोर हिरव्या बांगड्या आणि दहीभात ठेवला.

दुसऱ्या दुपारी सविता दचकून जागी झाली.

पाणी पडत होतं...

ती नळ बंद करायला उठली. नळ कोरडा. बोअर तर होळीलाच आटलेलं.

ती खोलीत परतली. आवाज तिथूनच येत होता... चित्राकडून.

दहीभाताची वाटी रिकामी होती. धुऊन ठेवल्यासारखी.

"अहो, हे आजच्या आज घराबाहेर काढा," ती रडायलाच लागली. तिचा चेहरा बघून स्वराजनं वाद घातला नाही. लगेच टेम्पो बोलावून चित्र पुण्याला धाडलं.

घर शांत झालं. सविताच्या जिवात जीव आला.

तिन्हीसांजेला गिऱ्हाइकाचा फोन आला.

"स्वराजराव, फोटोत सात बायका आहेत. चित्रात सहाच कशा?"

"पुसली गेली आसल एखादी..."

"पुसल्याची खूण नाही हो. तिच्या जागी नुसतं पाणी आहे."

स्वराज आईकडे वळला. "आये, तू हात लावलास?"

सोजराबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"हात कशाला लावू? म्या फकस्त इनवलं. हिचं बाळतपण हुईस्तवर एकीनं तरी मागं ऱ्हावं म्हनलं."

सविता पुढं झाली.

"आन् मग आत्या? बाळतपण झाल्यावर?"

"म्या हाय की. पोचवीन की तिला नदीवर."

सोजराबाई सविताच्या नवव्या महिन्यात गेल्या. दुपारी पडल्या, त्या उठल्याच नाहीत. उशाशी पाण्याचा तांब्या होता... काठोकाठ भरलेला. तो कुणी भरून ठेवला, कुणालाच माहीत नाही.

मुलगी झाली. सुखरूप. पण रोज दुपारी पाळण्याची दोरी ओली लागायची, आणि पाळणा हलत असायचा...

मुलगी पाच महिन्यांची झाली, तशी सविता तिला खांद्यावर घेऊन भीमेवर गेली. हिरव्या बांगड्या, खण, दहीभात, सगळं काठावर मांडलं.

"बाई, लई केलंस आमचं. आता तुझ्या घरी जा."

हात जोडून ती वळली. सासूकडून ऐकलेलं तिच्या पक्कं ध्यानात होतं. गाडीपर्यंत तिनं एकदाही मागं बघितलं नाही.

खांद्यावरचं लेकरू मात्र सारखं मागंच बघत होतं...

आणि खुदुखुदु हसत होतं.