शेजारच्या स्क्रीनवर

कॉलेजच्या लॅबमध्ये तेजस्वीनं पुन्हा एकदा प्रोग्रॅम चालवला. कालवं खडकाला इतकी घट्ट कशानं चिकटतात? त्या चिकट प्रथिनाचा आकार तिचा प्रोग्रॅम शोधायचा, आणि मग आपणहून दुसरं एक सॉफ्टवेअर उघडून तो रेणू रंगांत दाखवायचा. निदान दाखवायला हवा होता... 'सुरू झालं' असा संदेश येई, स्क्रीन मात्र कोरी ती कोरीच.

"माफ करा, ही वेटोळी तुमची का?"

दारात एक उंच, सावळा मुलगा उभा होता, शेजारच्या मत्स्यविभागातला. त्याच्या मोबाईलवर त्याच्याच कॉम्प्युटरचा फोटो, आणि त्यात – तिचा रेणू! निळा-हिरवा, झोकात गिरकी घेतलेला.

"हा तुमच्याकडे कसा गेला?"

"तेच विचारायला आलोय. मी बांगडा माशांची मोजमापं भरत असतो नि मध्येच हा उपटतो. बंद केला की पुन्हा हजर. काल तर सरांसमोर!"

त्याचं नाव विनीत, राहायला इथेच, मांडवीला. दोघांनी मिळून कोड चाळला तेव्हा उलगडा झाला. कोड तिनं एका जुन्या विद्यार्थ्याकडून घेतला होता. चित्र कुठल्या कॉम्प्युटरवर उघडायचं, त्या ओळीत त्या मुलाच्या कॉम्प्युटरचा पत्ता तसाच राहिला होता. तो कॉम्प्युटर आता विनीतकडे होता.

"आत्ता बदलते," ती ओशाळून म्हणाली.

"बदला की..." तो दारापर्यंत गेला, वळला. "घाई नाही हां काही."

म्हणजे काय? हा चिडलाय, की – ? तेजस्वीनं आपल्या स्क्रीनसाठी एक नवी ओळ लिहिली. जुनी मात्र, का कोण जाणे, तशीच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दारात. "आज लाल जास्त होता."

"आवडला?"

"रेणूतलं मला काय कळतंय! पण सारखं बघावंसं वाटतं."

हा रेणूबद्दलच बोलतोय ना?

मग तिला स्क्रीनवरच्या त्या चित्राला मथळा द्यायची युक्ती सापडली. रेणूच्या डोक्यावर 'चहा?' झळकलं की थोड्याच वेळात विनीत हजर. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

आणि एके दिवशी तो आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिनं लिहिलं, 'कामात आहेस?' मग, 'रागावलास का?' आठवडा असाच गेला. भिंतीपलीकडे त्याचं खोकणं तर ऐकू येत होतं! जाऊन विचारावं? पण आपलं चुकलं तरी काय...

शेवटी दारात आल्या त्या विभागप्रमुख सावित्री मॅडम.

"तेजस्वी, मी चहा घेत नाही गो. आणि रागावलेलीही नाही."

"मॅडम...?"

"आठवडाभर तुझी वेटोळी माझ्या कॉम्प्युटरवर येतायत. कॉलेजनं सगळ्या कॉम्प्युटरचे पत्ते बदलले, विसरलीस? ज्याला बोलवायचंय, त्याला आता तोंडानं बोलव."

तेजस्वीचे कान तापले. ती उठली ती थेट शेजारच्या खोलीत. विनीत खोक्यात पुस्तकं भरत होता.

"कुठे निघालास?"

"गोव्याला. नोकरीला काल होकार कळवला." त्यानं वर पाहिलं नाही. "तू ती ओळ बदललीस... मी समजलो काय ते."

"काय समजलास? मी काहीच बदललं नाही! पत्ते बदलले. माझे सगळे चहा सावित्री मॅडमना गेले!"

"सगळे?"

"सगळे."

हसता हसता तो खुर्चीत कोसळला. ती मात्र हसली नाही.

"विनीत, मला तू आवडतोस."

विनीत खुर्चीत सावरून बसला.

"म्हणजे... जाऊ नको म्हणतेस?"

"तसं कुठे म्हटलं? जा. पण – पुढचं मला काही कळत नाहीय."

"मलाही नाही," तो म्हणाला. "पण गोवा काय लांब आहे? शनिवारी आईच्या हातचं जेवायला मी येणारच. रविवारी आरे-वारेच्या किनाऱ्यावर जाऊ..."

"हे विचारतोयस की सांगतोयस?"

"घाबरत घाबरत विचारतोय. अगं, पहिल्या दिवशी तक्रार करायला आलो होतो मी, चांगली जोरात! तुला बघितलं नि तक्रार राहूनच गेली."

तेजस्वीला आता हसू आलं. ती खाली बसली, आणि त्याची उरलेली पुस्तकं एकेक करून खोक्यात भरू लागली.