उस्ताद रमझी संहितेत राहत नाहीत

दौलतची आणि माझी ओळख झाली तेव्हा मी त्याच्या डब्यावर बसले होते.

परळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम चालू होती. दिवे मंद होते, आणि मला जी एकमेव रिकामी खुर्ची दिसली ती रिकामी नव्हती. कडकन आवाज झाला आणि तळलेल्या बोंबलांचा वास सुटला.

“उठा,” अंधारातून कुणीतरी शांतपणे म्हणालं. “बोंबील मेलेलेच आहेत, पण तरी...”

मी उठले, सॉरी म्हटलं, ओढणी झटकली. तो हसत होता. डबा त्याचा चेपला आणि हसतोय काय हा! तिथून माझा जो गोंधळ सुरू झाला, तो अजून निस्तरतेय.

मी तिथं मानसीच्या बदली गेले होते. मानसी माझी मैत्रीण. तिला डेंग्यू झाला, आणि कैरोहून आलेल्या मंडळींच्या दादरच्या प्रयोगाला सबटायटल्सचं बटण दाबायला कुणी उरलं नाही. नाटक अरबीत. रंगमंचावर एक लांबट पांढरी पट्टी, तिच्यावर मराठी ओळी, एकूण सहाशे बारा. नटानं वाक्य म्हटलं की बटण दाबायचं. मी फोर्टला एका वकिलांकडे मराठी टायपिंग करते. ते बोलतात, मी बडवते. कानात पडेल ते बोटांतून बाहेर, अर्थाच्या भानगडीत पडायचं नाही. म्हटलं, बटण दाबायला काय अक्कल लागते?

त्या ओळी लिहिलेल्या दौलत परबनं. नायगावच्या बीडीडी चाळीतला मुलगा. त्याचे अप्पा अठरा वर्षं कुवेतला स्वयंपाकी होते, आणि सुट्टीवर येताना इजिप्तच्या विनोदी नाटकांच्या कॅसेटी आणायचे.

“अप्पा एकटेच बघून लोळायचे,” त्यानं सांगितलं. “आई जाम चिडायची. का हसतात ते कळावं म्हणून मी अरबी शिकलो.”

“मग कळलं?”

“शब्द कळले.”

नाटक असं होतं : एका शिंप्याच्या घरी शेजारच्या लग्नातला नवरदेव चुकून येऊन बसतो, आणि भिडेखातर त्याला कुणी ‘घर चुकलात’ असं सांगतच नाही. यावर तीन अंक!

“सरळ सांगून मोकळं व्हायचं ना,” मी वैतागून म्हटलं.

“तुमच्या गिरगावात सांगतात वाटतं?”

“आधी चहा देतात...” मला कबूल करावं लागलं. “मग सांगतात.”

“मग हे तीन अंक म्हणजे तो चहा संपेपर्यंतचा वेळ समज.”

तुम्हीचं तू कधी झालं, कळलंच नाही. बाकीही काही कळत नव्हतं. सगळ्यात वयस्कर नट उस्ताद रमझी शिंपी झाले होते. ते नुसती सुई ओवायला लागले तरी त्यांची मंडळी हसून फुटायची, आणि मी ओळ वाचून मख्ख.

“एक लक्षात ठेव हां, ओवी,” दौलत म्हणाला. “प्रयोगात उस्ताद संहितेत राहणार नाहीत. लोक हसले की सुटतील. तिकडं लोक त्याचसाठी तिकीट काढतात, सोबतचा नट हसू कसं दाबतो ते बघायला. आमच्या दशावतारात तरी कुठं लिहिलेलं असतं? संकासुर तोंडाला येईल ते बोलतो.”

“मग मी बटण कधी दाबायचं?”

“तेच तर!”

रोज संध्याकाळी तो मला बस स्टॉपपर्यंत सोडायला यायचा. बस आली की म्हणायचा, “ही भरलीय, पुढची घे.” बस भरलेली नसायची. मीही मुकाट्यानं पुढचीची वाट बघायचे. त्याच्या शर्टाला वखारीतल्या लाकडासारखा वास यायचा, आणि तो बोलताना थांबला की मला उगाच हातातली पर्स उघडून बघावीशी वाटायची.

चौथ्या दिवशी व्यवस्था बघणाऱ्या लतिकाताई चहा ओतता ओतता म्हणाल्या, “दौलतला मज्जा आहे बाई. मंगळवारी ह्या नाटकवाल्यांबरोबरच कैरोला चाललाय, आठ महिन्यांच्या कामावर.”

माझा चहा तिथंच राहिला. मला का नाही सांगितलं त्यानं? आणि का सांगावं? मी कोण लागून गेले? चार दिवसांची ओळख, एक चेपलेला डबा. पण मला तो आवडला होता, एवढं एकच धडपणे कळत होतं. त्याला मी आवडत असेन, तर हा गप्प का? आणि नसेन, तर त्या बसेस कशाला सोडायच्या? मी ठरवलं, आपण विचारायचं नाही. त्या संध्याकाळी आलेल्या पहिल्याच बसमध्ये चढले. खिडकीतून बघितलं तर तो हात अर्धा वर करून तसाच उभा...

रविवारी दुपारी चारचा प्रयोग. दादरचं थिएटर भरलेलं. मागे उंचावर, काचेची खिडकी असलेल्या खोलीत आम्ही दोघंच. पहिला अंक ओळीबरहुकूम गेला. दुसऱ्यात, दोनशे चौदाव्या ओळीला, पहिल्या रांगेतले एक आजोबा खो खो हसले आणि उस्ताद सुटले.

मी पानं चाळतेय, आणि समोर ते भलतंच काहीतरी बोलतायत. पट्टीवर तीच जुनी ओळ अडकलेली.

“पुस्तक सोड,” दौलतनं खुर्ची जवळ ओढली. “मी बोलतो, तू टाईप कर.”

तो कानाशी कुजबुजत होता आणि मी बडवत होते. उस्ताद आजोबांना कोटाचं माप विचारत होते, नवरदेव तोंडात रुमाल कोंबून हसू दाबत होता, आणि खाली हशावर हशा. मग उस्तादांनी डोळ्यांवर हात धरून थेट आमच्या खिडकीकडे बघितलं आणि काहीतरी विचारलं.

दौलतनं माझ्या कानाजवळचं तोंड मागे घेतलं.

“काय म्हणाले?”

“काही नाही. सोड.”

“चारशे माणसं पट्टीकडे बघतायत, दौलत! बोल!”

“म्हणतायत... ‘वर बसलेल्या पोरा, तुझ्या शेजारच्या मुलीला सांगितलंस का अजून? की विमानात बसून सांगणार?’”

मी टाईप केलं. प्रश्नचिन्हासकट. आणि बटण दाबलं.

चारशे माना गर्रकन मागे वळल्या. हशाचा असा लोट आला की काच थरथरली, आणि मी अजून विचार करत होते, की कुठला पोरगा? कुठली मुलगी? वर तर आम्ही दोघंच...

अख्ख्या थिएटरला कळल्यावर मला कळलं. गाल, कान, सगळं पेटलं. शेजारी दौलत जमिनीकडे बघत होता. मग माझ्या बोटांनी मला न विचारता लिहिलं : “नाही सांगितलं. ती ऐकतेय.”

बाल्कनीतून शिट्टी आली. उस्तादांना बिचाऱ्यांना मराठी कुठून वाचता येणार? ते हात पसरून विचारत राहिले, काय लिहिलंय, काय लिहिलंय? शेवटी दौलत उभा राहिला, खिडकी सरकवली आणि अरबीत ओरडून सांगू लागला. सांगत होता, सांगतच होता. उस्तादांनी छातीवर हात ठेवला, आमच्याकडे बघून वाकले आणि पुन्हा सुई ओवायला बसले.

“एवढं काय बोललास?” मी विचारलं. “मी चार शब्द लिहिले होते.”

“तू आवडतेस, हे सांगितलं. मंगळवारी जायचंय म्हणून तोंड उघडलं नाही, हेपण. आणि... पाच दिवसांच्या ओळखीवर एखादीला आठ महिने थांब कसं म्हणायचं, ते विचारलं.”

“हे सगळं त्यांना?”

“अरबीत सोपं जातं.”

“मग मला मराठीत विचार.”

तो खुर्चीत बसला. माझा हात हातात घेतला, तर त्याचाच जास्त गार. “थांबशील?”

आठ महिने म्हणजे किती, ते मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. आई काय म्हणेल, पाच दिवसांत कुणी असं ठरवतं का, काही काही कळत नव्हतं. “थांबेन,” मी म्हटलं आणि मला रडूच आलं. आनंदानं की भीतीनं, तेही नीट कळलं नाही.

खाली पुन्हा हशा फुटला. मी दचकून बघितलं. पट्टी कोरी होती, कधीपासून कोण जाणे. तिकडे कुणी बघतही नव्हतं. नवरदेवाला चहाचा सातवा कप आला होता, आणि ज्यांना अरबीचं एक अक्षर येत नाही अशी सगळी दादरकर मंडळी डोळे पुसत हसत होती.

“टाईप कर ना,” दौलत म्हणाला.

“आधी हात सोड.”

त्यानं सोडला नाही.