स्थिरक खाणारे जिवाणू

पाणीटंचाईमुळे घरचा पोहण्याचा तलाव रिकामा करून पुन्हा भरायला सोलापुरात कायद्यानेच बंदी आली होती. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वैजयंती किणीकरने अंगणातला खाऱ्या पाण्याचा तलाव आईसाठी बांधला होता. जमिनीवर धड उभं राहता न येणाऱ्या सुलभाताई त्या पाण्यात आरामात चालायच्या. या उन्हाळ्यात मात्र पाणी हिरवं पडलं, डॉक्टरांनी उतरायला मनाई केली आणि त्यांचे पाय पुन्हा आखडू लागले.

वैजयंतीने प्रयोगशाळेतला सहकारी, रसायनतज्ज्ञ फैयाज मुजावर, याला बोलावलं. मिठापासून क्लोरीन करणारं यंत्र ठणठणीत होतं. पाण्यात क्लोरीनही भरपूर निघालं.

"मग शेवाळ मरत का नाही?" तिने विचारलं.

"क्लोरीन मोकळं नाहीये. उन्हाने ते नष्ट होऊ नये म्हणून आपण स्थिरक घालतो. ते क्लोरीनला धरून ठेवतं. तू दर उन्हाळ्यात त्यात भर घातलीस. पाण्याची वाफ होते, स्थिरकाची होत नाही. आता ते इतकं साठलंय की क्लोरीनला सोडतच नाही. पाणी बदलावं लागेल."

तेच तर करता येत नव्हतं. मग वैजयंतीने स्थिरकावर जगणारे जिवाणू घडवायला घेतले. फैयाजला ते पटेना. हे जंतू नंतर पाण्यातून काढणार कसे, हा त्याचा प्रश्न होता. तरीही तिने ते तलावात सोडले.

हळूहळू पाणी निवळलं. धास्तावूनच तिने सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला. एकही जिवाणू जिवंत नव्हता. दुसरा नमुना घेतला, त्यातही नाही. फैयाजच्या मोजणीत थोडं स्थिरक मात्र शिल्लक होतं.

वैजयंती खुर्चीत मागे रेलली आणि हसायला लागली.

"त्यांनी स्थिरक खाल्लं तसं क्लोरीन सुटत गेलं," ती म्हणाली. "सुटलेल्या क्लोरीनने शेवाळ मारलं आणि शेवटी त्यांनाही. स्थिरक संपायच्या आत खाणारेच संपले. उन्हापासून क्लोरीन वाचवायला लागतं तेवढंच उरलं."

"म्हणजे काढायचं काहीच नाही," फैयाज हळूच म्हणाला.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी सुलभाताई कठडा धरून पाण्यात उतरल्या. भीती नाही ना वाटत, असं फैयाजने विचारलं. त्यांनी कठडा सोडला.

"माझ्या लेकीने राखलेलं पाणी आहे हे," त्या म्हणाल्या आणि समोरच्या काठाकडे चालू लागल्या.