पिवळ्या पट्टीच्या अलीकडे

"अगं, केवढं गार हे! बर्फाच्या कारखान्यात आणलंस की काय मला?"

पडद्याआड मावशी पालथी पडून कुरकुरत होती. पलंगाला छातीखाली एक गोल भोक, त्याखाली तेलाची वाटी आणि वाटीभोवती इवल्या अँटेनांचं कडं. उशाशी मावशीचा हात धरून तिची भाची बसलेली. बालवाडीत शिकवायची, म्हणून सगळे तिला बाईच म्हणत.

"माफ करा हं," पडद्यापलीकडून आवाज आला. "तेल कोमट करायचं राहूनच गेलं."

"अगं बाई! पलीकडे पुरुष आहे?"

"पुरुष नाही गं, इंजिनिअर आहे."

पलीकडे कुणीतरी हसू गिळलं... बाईला ते नेमकं ऐकू आलं.

"आणि मायक्रोवेव्ह म्हणे! शिजवताय का मला?"

"एवढ्याशा लहरींनी लोणीसुद्धा वितळणार नाही, मावशी," इंजिनिअर म्हणाला. "गाठीत पाणी जास्त असतं, म्हणून लहरी तिथून वेगळ्या होऊन परततात. गाठ लहान असतानाच दिसावी, एवढीच धडपड. यंत्र अजून शिकाऊ आहे, शेवटचा शब्द डॉक्टरांचाच."

तरी मावशीची चुळबुळ थांबेना. मग बाईनं मुलांना झोपवतानाचा आवाज लावला. "आता आपण तळ्यातलं पान व्हायचं... वारा येईल, जाईल... मी इथेच आहे..."

मावशी पान झाली. चित्र स्वच्छ आलं.

निघताना इंजिनिअर दारात उभा. चष्मा कपाळावर, बाहीला तेलाचा डाग. "तुमचा आवाज मिळेल का? यंत्रासाठी?"

"सुटा देत नाही मी."

"मग... तुम्हीही या ना."

ती गेली. मग जातच राहिली. शाळा सुटली की त्या खोलीत, जिथे ऊन पडद्यातून गाळून यायचं आणि यंत्र झोपेतल्या मांजरासारखं गुरगुरायचं. ती ओळी म्हणायची, तो जिलेटिनच्या नकली छातीवर चाचणी घ्यायचा.

"पट्टीच्या पलीकडे व्हा," एकदा तो म्हणाला. जमिनीवर वाटीभोवती पिवळी पट्टी होती, उशी तिच्या बाहेर. "माणूस वाटीच्या इतकं जवळ आलं की लहरी त्याच्यावरूनही परततात. चित्रात भूत उठतं."

"कुणाचं?"

"सध्या तरी... तुमचंच."

ती मागे सरली. पण अगदी सावकाश.

तिचा आवाज यंत्रात बसला. तपासून निघालेल्या बायका म्हणायच्या, कुणी हात धरल्यासारखं वाटलं. तो हळूच म्हणायचा, "तुम्ही स्वतः कधी?" आज शाळेत कार्यक्रम आहे, आज सर्दी झालीय, आज केस ओले आहेत... बाईकडे सबबींचा तोटा नव्हता. सोबत आलेली मावशी तेव्हा पर्सची चेन लावत-उघडत बसायची. बाईची आई गेली, त्याला किती वर्षं झाली. घरात अजूनही "तिला तिथे काहीतरी झालं होतं" एवढंच म्हणत. 'तिथे' म्हणजे कुठे, हे कुणी बोललं नव्हतं.

त्या संध्याकाळी शेवटची पेशंट तपासून गेली तरी यंत्रातला बाईचा आवाज चालूच राहिला होता. "घाबरू नका... मी इथेच आहे..."

बाई हसली. मग हसता हसता तिचा चेहरा रडवेला झाला.

त्यानं यंत्र बंद केलं. पट्टी ओलांडून तो जवळ आला... पहिल्यांदाच.

"आता चित्र बिघडणार नाही," तो म्हणाला. "मला काहीतरी सांगायचंय. हा आवाज दिवसभर ऐकतो, तरी घरी गेलं की—"

"थांबा. आधी माझं ऐका. मग पुढचं बोलायचं का ते ठरवा."

"अगं, राहू दे ना," कोपऱ्यात पर्स घेऊन बसलेली मावशी कळवळली.

"नाही मावशी, खूप राहू दिलं." तिनं मावशीचा हात घट्ट धरला. डोळे मात्र त्याच्यावर. "आईला स्तनाचा कॅन्सर होता. आणि मला डाव्या बाजूला हाताला गाठ लागतेय. उद्या मी डॉक्टरांकडे जाणार आहे... आणि तुम्ही बरोबर यावं, असं मला वाटतं. कारण तुम्ही मला फार आवडता."