रेस कुनी धरली?

ए दीपक, उंबऱ्यात बसू नगंस, आत सरक. भ्यालास म्हून न्हाय रं, वारं अडतंय. आन स्वरूपा, तू जरा त्याच्या शेजारी बस. त्यो अंधार पडल्याव एकटा परसाकडं जात न्हाय, मला म्हाईत हाय. आज तर जानारच न्हाय.

इंदापूरला स्टँडच्या मागं जयवंता मिस्त्रीचं ग्यारेज व्हतं, त्याची ही गोष्ट. त्याच्याच तोंडनं ऐकलीया. एकदाच ऐकली. दुसऱ्यांदा इचाराया गेलो तर गड्यानं पाना फेकून मारला.

साल नव्व्याण्णव. भोगीची रात, दिस उगवला की संक्रांत. दुपारी भाकरी-भाजी हानून जयवंता यष्टीत बसला आन लासुर्ण्याला उतरला. काम साधं व्हतं. संभाजीराव बागायतदाराची टर्बोची जीपगाडी न्यायची आन दुरुस्त करायची. पिशवीत पाने, आन बारामतीच्या पंपवाल्याकडनं तपासून आनलेला एक नोझल. नोझल म्हंजी इंजिनात डिझेल फवारतो त्यो. औषधाच्या पंपाचं नाक असतंय बगा, तसंच.

काम साधं, पर गाडी साधी नव्हती.

गाडीचा डायव्हर गेणू, जयवंताचा जिगरी. त्यो आदल्या साली अंथुर्ण्याच्या अलीकडं, कालव्याच्या चारीच्या पुलावर, उसाच्या ट्रॉलीखाली गेला. तवापासनं रातीला गाडी पुलाच्या चढाला आली की गचके खायाची, काळा धूर वकायची आन बंद पडायची. नवा डायव्हर तिसऱ्या खेपंला चावी तितंच टाकून शेतातनं पळाला. त्यो घरी पोचायच्या आदी गोष्ट गावात पोचली... गेणू गाडीत बसलाय.

संभाजीरावाची आई द्वारकाआक्का, तिनं सरळ हिशोब लावला. गेणूची बायको सारजा पोरीला घिऊन वस्तीवरच्या खोलीत ऱ्हायाची, गोठ्यात राबायची. आक्का म्हनली, "नवऱ्याचा जीव बायकोत घुटमळतोय. ही हितं हाय तवर त्यो गाडी सोडायचा न्हाय. संक्रांतीला देवऋषी येनार, त्याच्या आदी हिला वाटंला लावा."

जयवंता पोचला तवा सारजा खोलीतली भांडी पोत्यात भरत व्हती. त्याचं डोकंच फिरलं. भर अंगनात वरडला.

"आक्का, गेणू हयात असताना तुमी त्याला कधी वट्यावर बसू दिलं न्हाय, आन आता मेल्याव म्हंता गाडीत बसलाय?"

"जयवंता, तोंड सांबाळ. मंग गाडी तितंच का बंद पडती?"

"सगळ्या रस्त्याला चढ एकच हाय म्हून! टर्बो म्हंजी पंखा असतोय. धुराच्या जोरावर फिरतो आन इंजिनात वारं कोंबतो. चढाला वारं जास्त, मंग डिझेलबी जास्त पायजे. हिचा डिझेलचा दाबच पडतोय, आन एखादा नोझल गळतोय. भूत न्हाय, रोग हाय."

संभाजीराव म्हनला, "मंग दुपारी कसं काय व्हत न्हाय?"

"दुपारी तुमी एकटं हिंडता. रातीला माल घालता. टाका मागं खताची पोती! रातीला मी एकटा नेतो. सकाळी रोग हातात आनून दिला तर वैनीची खोली तिचीच. आन न्हाय आनला तर तुमच्या देवऋष्याच्या पुढं मी नाक घासतो."

"जा," संभाजीराव म्हनला. "पर कुनी संगं येनार न्हाय."

सारजा पोत्याला गाठ मारता मारता थांबली. "भावजी, नगा जाऊ. माझी दुसरीकडं सोय व्हईल."

"वैनी, पोतं सोडा," जयवंता म्हनला. "चहाला भांडं लागंल सकाळी."

दहाच्या पुढं निगाला. दोनी बाजूला ऊस. थंडी अशी की हँडल बर्फावानी. गाडी पोत्यांनी भरल्याली, तरी पळत व्हती झकास. जयवंता गानं म्हनत व्हता, बेसूर, मुद्दाम मोठ्यानं.

पूल आला. चढ लागला.

धक्... धक्... काळा धूर. आन गप.

जयवंता उतरला आन गाडीला शिव्या घालाय लागला. आता त्या शिव्या तुमच्यापुढं सांगत न्हाय, स्वरूपा बसलीया. बॉनेट उगडलं. उजेडाची बॅटरी दातात धरली. डिझेलचा हातपंप मारला तर मऊ. दाबच धरंना. स्क्रू ढिला केला तर डिझेलच्या जागी फेस. पाईपच्या बोल्टाखालचं तांब्याचं वायसर तडकलं व्हतं, तिथनं पाईप वारं वढत व्हता. जयवंता खुशीत हासला. "ह्यो बगा तुमचा गेणू! चार आन्याचं वायसर!"

नवं घातलं. पंप मारला. पंप घट झाला. सेल मारला, गाडी चालू. पर एक नोझल चुकत व्हता, इंजिन लंगडत व्हतं.

आता कुठला नोझल, ते बगायची रीत अशी. एकानं आत बसून रेस धरायची, म्हंजी पेडल दाबून इंजिन वर ठेवायचं. मिस्त्रीनं एकेका नोझलच्या पाईपचा नट ढिला करायचा. चांगल्या नोझलचा ढिला केला की इंजिन खाली बसतं. खराब नोझलचा केला तर काय फरकच पडत न्हाय. दोन मानसांचं काम. जयवंता एकटा. म्हून त्यानं उसाचं एक कांडं मोडून घेतलं व्हतं, पेडलवर दाबून ठेवायला. ते बंपरवर ठेवलं, वाकला, पाना लावला... आन ग्यारेजातल्या सवयीनं वरडला.

"रेस धर!"

इंजिन वर गेलं. एका तालात.

एक नंबर ढिला केला. इंजिन खाली बसलं. आवळला. दोन नंबर. बसलं. आवळला. तीन नंबर... काय फरक न्हाय. तसंच लंगडत ऱ्हायलं.

"सापडला लेका! सोड!"

इंजिन स्लोवर आलं.

जयवंतानं हात पुसले. आन बंपरकडं बघितलं.

कांडं बंपरवरच व्हतं.

...

मागं चारीचं पानी वाजत व्हतं. उसात काय हालत नव्हतं. बॉनेट वर, त्यामुळं आतलं काय दिसत न्हाय. बाजूला सरकून बगावं, तर पाय उचलंना.

रेसची तार अडकली आसंल, जयवंता मनात म्हनला. रोग आसंल. बारीक आवाजात बोलला...

"धर."

वर गेलं.

"सोड."

खाली आलं.

...

दीपक, पळून गेला आसता न्हवं तू? कुनीबी गेला आसता. जयवंताचेबी पाय वळले व्हते अंथुर्ण्याकडं. पर त्याला ते पोतं आठवलं. गाठ मारल्यालं. आन त्याला भ्याच्या जागी राग आला.

बॉनेटच्या आडूनच बोलला. "हे बग. तू हायस का न्हाईस, मला घेनंदेनं न्हाय. सकाळी मी अंगनात हुबा ऱ्हाऊन सांगनार, गाडीत कोन न्हाय. आन तू मला खोटं पाडायचं न्हाय. उद्यापासनं गप. एक गचका न्हाय. तुझ्या पायी तुझी बायको रस्त्यावर निगालीया, कळतंय का?"

नुसतं इंजिन, हळू.

"कळतंय का?"

...

"मंग रेस धर. चार नंबर बगायचा ऱ्हायलाय."

इंजिन वर गेलं. जयवंतानं चार नंबरबी बघितला. चांगला निगाला. गाडी बंद केली. खिडकीतनं हात घालून चावी फिरवली, आत न बगता. तीन नंबर काढला, बारामतीचा बसवला.

मंग दार उगडलं.

आत कोन न्हाय.

जयवंता चढून बसला. क्लचवर पाय टाकला. पाय पोचंना. सीट पार मागं गेल्याली, शेवटच्या खाचंत. येताना तर त्यो हितंच बसून आला व्हता. खटका वढला. सीट हालंना. मंग गडी सीटच्या टोकावर, हँडलला लोंबकळत बसला, आन पोत्यांसगट त्यो चढ चढला. परत फिरला. परत चढला. तिसऱ्यांदा हॉर्न वाजवत.

दिस उगवायला लासुर्ण्यात. देवऋषी लिंबं घिऊन बसलाच व्हता. जयवंतानं अंगनात सगळ्यांपुढं इंजिनातला एक चांगला नोझल भाईर काढून पाईपला लावून सेल मारायला लावला. फवारा कसा, धुक्यावानी. मंग जुना तीन नंबर लावला. टिप... टिप... लाळ गळल्यावानी.

"बगा आक्का. ह्ये तुमचं भूत. घ्या वटीत."

आक्कानं पदर नाकाला लावला. संभाजीरावानं सारजाकडं न बगता सांगितलं, "खोली तुझीच. भांडी लाव." जयवंतानं गाडी समदी मानसं भरून पुलावर नेली. सरसर चढली. त्या रातीपासनं एक गचका न्हाय.

त्या सकाळी गाडी परत अंगनात आल्याव संभाजीराव हँडलवर बसाय गेला. "मिस्त्री, सीट का मागं?"

"गंजलीया," जयवंता म्हनला.

सारजा तिळगूळ घिऊन आली व्हती. तिनं सीटकडं बघितलं. हँडल किती लांब ऱ्हायलंय ते बघितलं. सगळे पांगल्याव हळूच म्हनली, "त्यांचं पाय लई लांब व्हतं, भावजी."

जयवंतानं तिळगूळ तोंडात टाकला.

पुढं गाडी इंदापूरला ग्यारेजात आनली. दार लावून घेतलं. सीट बोल्ट काढून मोकळी केली. उलटी केली. सीट सरकायची रेल कोरी. गंजाचा टिपका न्हाय. खटका मोकळा, बोटानं उडतोय. तेल घातलं. हातोडा मारला. चार गडी लावून वढली.

सीट मागंच.

संभाजीराव आजूनबी ती गाडी चालवतो. पाठीमागं दोन उशा घिऊन.