फुगा दाबत ये

पटो न पटो, हे घडलंय. ज्याच्या बाबतीत घडलं तो आर्वो निएमेला आजही मिशिगनच्या उत्तर टोकाला, हेरन तळ्याच्या काठी राहतो. होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. त्याने हे दोनदाच सांगितलंय, आणि दोन्ही वेळा शब्द न् शब्द तोच.

मे महिन्यातला पहिला शनिवार. दुपारचे चार. तळ्यावरचा बर्फ वितळून आठवडाच झाला होता.

कोठारात थोरल्या भावाची, वायनोची होडी उभी होती. हिवाळाभर ताडपत्रीखाली होती. वायनो ऑक्टोबरातच गेला.

"मला एकदा त्या बेटापाशी जायचंय, भावजी," वायनोची बायको लेम्पी म्हणाली होती. "जिथे तो सापडला तिथे. त्याच्याच होडीतून."

नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

आर्वोने बॅटरी चार्ज केली. जुनं पेट्रोल काढून नवं भरलं. कार्बोरेटर साफ केला. आणि पेट्रोलचा पंप... तो नवा बसवला.

इंजिन तापू नये म्हणून खाली पाण्याचं पिंप लावलं. चावी फिरवली.

घर्र... घर्र... घर्र...

काहीच नाही.

त्याने प्लग काढले. पेट्रोलने चिंब. पुसले, वाळवले, परत लावले.

पुन्हा तेच. पुन्हा चिंब.

टाकीकडून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत एक रबरी फुगा असतो. सुरुवातीला तो चार-पाच वेळा दाबायचा, म्हणजे पेट्रोल वर चढतं. उगाच दाबत राहिलं तर इंजिन पेट्रोलने तुंबतं, धरत नाही.

पण आर्वोने तर तो एकदाच दाबला होता. सकाळी.

तो प्लग घेऊन खिडकीपाशी गेला. होडीकडे पाठ करून.

आणि मागून आवाज आला.

पच्...

तो थांबला.

पच्... पच्...

वळला. होडीत कुणी नाही. फुगा फळीवर पडलेला. त्याने हात लावला.

दगडासारखा घट्ट. आणि कोमट.

आर्वोच्या तोंडचं पाणी पळालं. कारण वायनो सापडला तेव्हा त्याची मूठ याच फुग्याभोवती होती. पोलिसांना एकेक बोट सोडवावं लागलं होतं.

ऑक्टोबरातल्या त्या संध्याकाळी तळ्यावरून वायनोचा फोन आला होता.

"आर्व्या, इंजिन सारखं बंद पडतंय रे. फुगा दाबला की चालतं, सोडला की मेलं. पंप तू परवाच बदललास ना?"

आर्वोने पंप बदलला नव्हता. नुसता पुसून, "नवा टाकलाय, दादा" म्हणून इंजिन परत दिलं होतं. आज करू, उद्या करू म्हणता राहून गेलं होतं.

"बदललाय की," तो म्हणाला. "नळीत कचरा असेल."

"गारठलोय रे. ये ना घ्यायला."

टीव्हीवर मॅच रंगात आली होती. पण खरं कारण ते नव्हतं. गेलो असतो तर दादाने इंजिनाचं झाकण उघडून जुनाच पंप दाखवला असता.

"लहान आहेस का? फुगा दाबत ये."

वायनो हसला होता. मग फोन तुटला. पुन्हा लागला नाही. आर्वोने पुन्हा लावलाही एकदाच.

"भावजी?"

आर्वो दचकला. दारात लेम्पी उभी होती, कॉफीचा थर्मास घेऊन.

"झालं का सुरू?"

"नाही, वहिनी. इंजिन कामातून गेलंय. हिवाळ्यात होतं असं."

आणखी एक खोटं. जिभेवर आपोआप आलं.

"असू दे मग," ती हळूच म्हणाली. "चला, कॉफी निवतेय."

दोघं दाराकडे वळले.

पच्... पच्... पच्...

लेम्पी थांबली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आत कोण आहे?"

म्हणजे तिलाही ऐकू येत होतं!

आर्वोने हातातले प्लग खाली ठेवले. आणि सांगत सुटला. पंप, फोन, मॅच, सगळं. मान वर न करता.

बोलून संपलं. आवाज थांबला होता.

लेम्पी रडली नाही. थर्मास खाली ठेवला आणि म्हणाली,

"लाव आता."

त्याने प्लग वाळवले, बसवले. चावी फिरवली.

पहिल्याच फिरकीत इंजिन धडधडायला लागलं.

"उद्या सकाळी मला बेटापाशी ने, आर्वो."

भावजी म्हणाली नाही. पुन्हा कधीच म्हणाली नाही.

सकाळी दोघं निघाले. लख्ख ऊन. पाणी काचेसारखं. आर्वो मागे सुकाणूवर, लेम्पी पुढे, पाठमोरी. बेटापाशी तिने वायनोची लोकरी टोपी पाण्यात सोडली. टोपी बुडेपर्यंत बघत राहिली.

"चल," एवढंच म्हणाली.

परतीला आर्वोच्या लक्षात आलं... होडी डावीकडे कललीय.

तो अगदी मधोमध बसला होता. सामान काही नव्हतं. तरी डावी कड पाण्याला टेकायला आलेली. जणू त्याच्या शेजारच्या फळीवर कुणी धिप्पाड माणूस बसलाय.

त्याने तिकडे पाहिलं नाही. शपथेवर सांगतो, पाहिलं नाही.

धक्क्याला लागल्यावर लेम्पी उतरली. मागे न बघता चढण चढून गेली.

होडी कललेलीच होती.

आर्वो तसाच बसून राहिला. इंजिन बंद. सगळीकडे शांत.

त्याला उतरायचं होतं. पण मनात एकच भीती... आपण उतरलो, आणि आपल्या पाठोपाठ शेजारचाही उतरला, होडी सरळ झाली तर?

शेवटी ऊन डोक्यावर आल्यावर तो उतरला.

होडी सरळ झाली.