गिटारीतला खुळखुळा

गावातल्या ऑसीमावशीची गिटार वाद्यं दुरुस्त करणाऱ्या आर्लनच्या टेबलावर उताणी पडली होती. १९३०च्या मंदीच्या काळात, केंटकीतल्या खाणी बंद पडल्या तेव्हा मावशीच्या वडिलांनी ती टपालाने मागवलेली. साधं हलकं लाकूड, त्यावर भारी लाकडाचा रंग फासलेला आणि पुढे शेकोटीपाशी बसलेला काउबॉय छापलेला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पण अशा गरीब वाद्यांवर आर्लनचा फार जीव होता.

"सुटलेली पट्टी चिकटव, तारा घाल," मावशी म्हणाली होती. "आत आहे ते मात्र काढू नकोस."

आत काय आहे ते आर्लनला ठाऊक होतं. खुळखुळ्या सापाच्या, म्हणजे रॅटलस्नेकच्या शेपटीचं सुकं टोक; चावण्याआधी साप तेच वाजवून इशारा देतो. डोंगरातले बरेच वाजवणारे ते वाद्यात टाकत. उंदीर येत नाहीत म्हणे, सूरही गोड लागतो. इथे मात्र तार छेडली की ते आत थरथरून सूर नासवत होतं. शेवटी त्याने गिटार उपडी करून ते बाहेर काढलं आणि कापसात गुंडाळून तंबाखूच्या डब्यात ठेवलं.

बाहेर बर्फ पडत होता. दोन्हीकडे डोंगर, त्यामुळे हिवाळ्यात त्या दरीत दुपार सरायच्या आतच अंधारून येई. शेगडीजवळ कपड्यांच्या पाटीत त्याची तान्ही नात ओपल गोधड्यांत बुडून झोपली होती. तिची आई ड्रीमा कामावरून येईपर्यंत आजोबाच तिला सांभाळत. आर्लनला आता या दोघींशिवाय कुणी नव्हतं.

फोन वाजला. मावशी होती.

"झाली गिटार," तो म्हणाला. "तो खुळखुळा तेवढा काढलाय. रागावू नका."



"कुठे ठेवलास?"

"डब्यात. कापसात गुंडाळून."

"कापसात... मग तुला ऐकू कसा येणार रे?"

"काय ऐकू येणार?"

मावशीचा आवाज खाली गेला. "बा कुदळ घेऊन सापाच्या मागे धावला, पण नुसती शेपटी तुटली. साप निसटला. खुळखुळाच नाही, मग तो आलेला कळायचा कसा? आमचा धाकटा भाऊ व्हर्जिल असाच साप चावून गेला... भर बर्फात. तेव्हापासून तो साप जवळ आला की हे टोक वाजतं. सगळ्या घराला ऐकू यावं म्हणून बानं ते गिटारीत टाकलं."

"मावशी, थंडीत साप बाहेर पडत नाहीत."

"डबा उघडून बघ."

त्याने उघडला. आतला कापूस हलत होता.

त्याने ते टोक गिटारीत सोडलं. सरसर... खर्रर्र... सगळी खोली त्या आवाजाने भरली. आर्लन विलक्षण घाबरला. त्याने आधी ओपलला पाटीसकट उचलून टेबलावर ठेवलं. पोर बाळसं धरतंय, पाटी जड लागली. टेबलापाशी आवाज आणखीच वाढला. बॅटरी घेऊन त्याने शेगडीमागे, टेबलाखाली, लाकडाच्या ढिगात पाहिलं. जमीन कोरडी, रिकामी.

बाहेर गाडी थांबली. ड्रीमा बूट झटकत आत आली.

"डॅडी, खुळखुळा आणलास होय हिला?" ती हसली. "केवढ्यानं वाजवतोयस."

"तू आधी निघ. रस्ता गोठायच्या आत घर गाठ."

"अरे, कॉफी तरी..."

"उद्या पी."

पोर या घरातून बाहेर पडावी, एवढंच त्याला हवं होतं. पाटी त्याने स्वतः नेऊन मागच्या सीटवर ठेवली, गोधडी नीट खोचली, दार लावलं.

तो आत आला तेव्हा गिटारीतला आवाज उतरत होता. "टळलं," तो पुटपुटला आणि खुर्चीत बसला. खिडकीतून गाडीचे तांबडे दिवे दरी उतरताना दिसत होते. पहिल्या वळणाला आवाज निम्मा झाला. पुढच्या वळणाला तर त्याला गिटारीला कान लावावा लागला. दिवे लाकडी पुलापलीकडे दिसेनासे झाले, आणि आत काहीच वाजेना.

तेव्हा कुठे आर्लनला पाटीचं वजन आठवलं.